नकाशातला हॅच: हद्द, स्केल आणि कागद

घराच्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. ती विटेची की काँक्रीटची, जुनी की नवी, ठेवायची की पाडायची, हे त्या दोन रेघांच्या मधल्या जागेत काय भरले आहे त्यावरून कळते. ही भरणी म्हणजे हॅच. संगणकावर ती दोन क्लिकमध्ये होते, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. नकाशा पुरा होत आला की शेवटच्या अर्ध्या तासात मोकळ्या दिसतील त्या जागांवर हॅच मारला जातो आणि प्रिंट निघते. साइटवर पोहोचेपर्यंत त्या प्रिंटची काळी-पांढरी झेरॉक्स झालेली असते, तीही पुष्कळदा आकार कमी करून ए-थ्री कागदावर. त्या झेरॉक्सवर मिस्त्रीला कॉलम आणि वीटकाम वेगवेगळे ओळखू आले पाहिजे. तेव्हा हॅच नीट झाला की नाही हे स्क्रीनवर ठरवू नका, त्या कागदावर ठरवा.

पुढचे सगळे ऑटोकॅड डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. झेडडब्ल्यूकॅड किंवा ब्रिक्सकॅड वापरणाऱ्यांनाही बहुतेक कमांड त्याच नावांनी सापडतील. कमांडची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.

आधी हद्द

'हॅच लागत नाही' अशी तक्रार आली की पॅटर्नकडे न बघता हद्दीकडे बघावे. हॅचला सगळीकडून बंद जागा लागते. एखाद्या कोपऱ्यात दोन रेघांच्या टोकांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर आपल्या डोळ्यांना ती जागा बंद दिसते, पण प्रोग्रॅमच्या लेखी ती उघडी असते. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्या अशा फटीच्या टोकांवर लाल वर्तुळे दाखवतात. तिथे झूम करा, फिलेट कमांडची त्रिज्या शून्य ठेवून दोन्ही रेघा कोपऱ्यात मिळवा आणि मग हॅच भरा. वर्तुळे रीजेन दिल्यावर जातात.

एचपीगॅपटॉल या व्हेरिएबलमध्ये आकडा भरला की तेवढ्या फटीकडे प्रोग्रॅम काणाडोळा करतो. दुसऱ्या ऑफिसातून आलेले ड्रॉइंग घाईत उरकायचे असेल तर ही सोय उपयोगी आहे. स्वतःच्या ड्रॉइंगमध्ये मात्र तिथे शून्यच असू द्या. झाकलेली फट बुजत नाही. पॉलिलाइन जोडताना किंवा क्षेत्रफळ काढताना ती पुन्हा आडवी येते.

फट नसूनही हॅच नाकारला जात असेल तर रेघांची उंची तपासा. सर्व्हेच्या फाइलमधून आलेल्या रेघांना पुष्कळदा झेड अक्षावर वेगवेगळ्या किमती असतात. वरून बघताना त्या एकमेकींना टेकलेल्या दिसतात, प्रत्यक्षात एक दुसरीच्या वरून जात असते. प्रॉपर्टीजमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा झेड पाहिला की उलगडा होतो; एक्स्प्रेस टूल्समधली फ्लॅटन कमांड त्या सगळ्या एका पातळीवर आणते. सर्व्हेच्या फाइलींचा आणखी एक त्रास म्हणजे निर्देशांक. जमिनीचा नकाशा खऱ्या निर्देशांकांवर असेल तर ड्रॉइंग शून्य बिंदूपासून लाखो मीटर दूर असते, आणि इतक्या अंतरावर हॅचच्या रेघा वेड्यावाकड्या होतात किंवा हॅच भरतच नाही. अशा वेळी सेट ओरिजिनने हॅचचा आरंभबिंदू प्लॉटच्या एखाद्या कोपऱ्यावर आणावा.

खोलीत क्लिक करून जागा निवडायची पद्धत सोपी आहे, पण तिच्यात प्रोग्रॅमला स्क्रीनवर दिसणारी प्रत्येक रेघ तपासावी लागते: फर्निचर, मापांच्या रेघा, दाराचा पाखा दाखवणारी कमान, सगळेच. शिवाय दाराची जागा उघडी असली की हॅच तिथून पॅसेजमध्ये सांडतो. म्हणून फर्निचर आणि मापांचे लेयर आधी बंद करा, उंबऱ्यावर एक रेघ द्या. याहूनही चांगली सवय म्हणजे ज्या जागेत हॅच भरायचा तिच्याभोवती एक बंद पॉलिलाइन स्वतः काढणे, तिला न छापणारा वेगळा लेयर देणे आणि हॅच भरताना तीच निवडणे. बाउंडरी कमांडनेही अशी पॉलिलाइन बनते. सुरुवातीला दहा मिनिटे जास्त जातात. पण महापालिकांच्या ऑनलाइन परवानगी प्रणाली ठरलेल्या लेयरवरच्या बंद पॉलिलाइनच मोजतात, त्यामुळे सबमिशनचे काम करणाऱ्याला ही सवय दुहेरी कामी येते.

हॅच असोसिएटिव्ह ठेवा. मग भिंत स्ट्रेच केली की हॅच तिच्याबरोबर सरकतो. हद्दीतली एखादी रेघ पुसली गेली की हे नाते तुटते आणि पुढच्या बदलात भिंत एकीकडे, हॅच दुसरीकडे अशी गत होते. हॅच निवडून रीक्रिएट बाउंडरी वापरले तर नवी पॉलिलाइन तयार होऊन हॅच तिच्याशी पुन्हा जोडता येतो.

दोन जातींचे पॅटर्न

स्केलचा गोंधळ सुटायला एकच गोष्ट नीट समजावी लागते. पॅटर्न दोन जातींचे असतात. पहिली जात खुणेची. सेक्शनमधल्या भिंतीवरच्या ४५ अंशांच्या रेघा म्हणजे काही विटेच्या रेघा नव्हेत. तिथे वीट आहे एवढेच त्या सांगतात. त्यांच्यामधले अंतर कागदावर वाचता आले की काम झाले, भिंतीच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. दुसरी जात खऱ्या मापाची. एलिव्हेशनमध्ये दिसणारे विटांचे थर, फरशीच्या टाइल्स, पेव्हर ब्लॉक यांना प्रत्यक्ष लांबी-रुंदी असते आणि ती ड्रॉइंगमध्ये तशीच यायला हवी. खुणेच्या हॅचचे स्केल प्रिंटवरून ठरते, खऱ्या मापाच्या हॅचचे वस्तूवरून. बहुतेक बिघडलेली ड्रॉइंग या दोन जातींना एकाच आकड्यात बसवायला गेल्याने बिघडतात.

आकडे घालून पाहू. एएनएसआय-३१ हा सर्वांत जास्त वापरला जाणारा तिरप्या रेघांचा पॅटर्न. मेट्रिक पॅटर्न फाइलमध्ये त्याच्या दोन रेघांमधले अंतर ३.१७५ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा आठवा भाग आहे. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहे, प्रिंट १:१०० ने निघणार आहे आणि स्केल १ ठेवले, तर तीन मीटरच्या भिंतीत साडेसहाशेहून जास्त रेघा बसतात आणि कागदावर नुसता काळा पट्टा उमटतो. १:१०० वर २३० मिलिमीटरची भिंत कागदावर जेमतेम २.३ मिलिमीटर रुंद असते. तिच्यात रेघांमधले अंतर दीड मिलिमीटरच्या आसपास असले की झेरॉक्सवरही त्या सुट्या दिसतात. त्यासाठी स्केल ५० ठेवा. तेच ड्रॉइंग मीटरमध्ये असेल, सबमिशनचे पुष्कळदा असते, तर ०.०५. मिलिमीटरमधलाच डिटेल १:२० ने छापायचा असेल तर १०.

आता त्याच ड्रॉइंगमध्ये कॉलमसाठी एआर-काँक घ्या. नावात एआर असलेले पॅटर्न खऱ्या मापाच्या हिशेबाने बनवलेले आहेत, म्हणून मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये त्यांचे स्केल १ च्या आसपास असते. तिरप्या रेघांचे ५० तसेच राहिले तर कॉलममध्ये एखादा ठिपका दिसेल किंवा काहीच दिसणार नाही, आणि हॅच लागलाच नाही असे वाटेल. लहान प्रिंटवर कॉलमसाठी काँक्रीटच्या ठिपक्यांपेक्षा सरळ सॉलिड फिल बरा. १:१०० वर ते ठिपके आणि त्रिकोण वाचता येत नाहीत, झेरॉक्सवर तर डागासारखे दिसतात. काँक्रीटचा पॅटर्न फूटिंगच्या, जिन्याच्या, छज्ज्याच्या मोठ्या डिटेलसाठी राखून ठेवा.

आकडे बरोबर असूनही हॅच फारच दाट येत असेल तर मेजरमेंट व्हेरिएबल बघा. त्यात शून्य असेल तर प्रोग्रॅम इंचांची पॅटर्न फाइल वाचतो आणि मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये सगळे पॅटर्न २५.४ पट बारीक येतात. किंमत १ करा आणि आधीचे हॅच नव्याने भरा.

एकच प्लॅन १:१०० ने आणि त्याचा भाग १:२० ने अशा दोन्ही प्रिंट काढायच्या असतील तर खुणेचा हॅच ॲनोटेटिव्ह करून घ्यावा. मग स्केल कागदाच्या हिशेबाने द्यायचे: ०.५ दिले की दोन्ही प्रिंटवर रेघांचे अंतर दीड मिलिमीटरच राहते. त्या हॅचला दोन्ही ॲनोटेशन स्केल जोडायला मात्र विसरू नका. टाइल्सचा किंवा विटांच्या थरांचा हॅच कधीही ॲनोटेटिव्ह करू नये. केला तर सहाशेची टाइल एका प्रिंटवर सहाशेची आणि दुसऱ्या प्रिंटवर भलत्याच मापाची दिसेल, आणि साइटवर कोणीतरी ते माप खरे धरेल.

फरशीची मांडणी

खऱ्या मापाच्या हॅचचा सगळ्यात मोठा उपयोग फरशीत आहे, आणि इथे थोडे थांबण्यासारखे आहे. ६०० बाय ६०० च्या टाइलसाठी तयार पॅटर्न शोधत बसू नका. हॅचचा प्रकार यूजर डिफाइन्ड निवडा, कोन शून्य, स्पेसिंग ६००, आणि डबल चालू करा. आडव्या-उभ्या रेघांची जाळी खऱ्या मापात येते.

समजा, गिलावा धरून खोलीचे आतले माप दहा बाय बारा फूट, म्हणजे ३०४८ बाय ३६५८ मिलिमीटर आहे. हॅचचा ओरिजिन खोलीच्या कोपऱ्यावर ठेवला की रुंदीत पाच टाइल बसतात आणि ४८ मिलिमीटरची पट्टी उरते. लांबीत सहा बसतात आणि ५८ ची उरते. इतक्या बारीक पट्ट्या कापताना तुटतात, आणि बसवल्या तरी भिंतीकडेला डोळ्यांत खुपतात. आता ओरिजिन कोपऱ्यापासून रुंदीत ३२४ आणि लांबीत ३२९ आत सरकवा. दोन्ही बाजूंना अर्ध्याहून मोठे सारखे तुकडे येतात आणि मधे पूर्ण टाइल्स राहतात. दिसायला हीच मांडणी उत्तम.

पण खर्च बघा. कोपऱ्यातून सुरू केलेल्या मांडणीला ३० पूर्ण टाइल लागतात आणि पट्ट्या आणखी दोन-तीन टाइलमधून निघतात. मध्यावरून मांडलेल्या फरशीला ४२ लागतात, कारण कडेचा प्रत्येक तुकडा अर्ध्या टाइलपेक्षा मोठा आहे आणि एका टाइलमधून असे दोन निघत नाहीत. क्षेत्रफळाला टाइलच्या क्षेत्रफळाने भागले तर उत्तर ३१ येते, आणि मध्यावरची मांडणी ठरली असेल तर त्या आकड्यावर मागवलेला माल हमखास कमी पडतो. कोणती मांडणी घ्यायची हे घरमालकाने ठरवावे, पण दोन्ही हॅच शेजारी शेजारी काढून, टाइल मागवण्याआधी, त्याच्यापुढे ठेवणे हे ड्रॉइंग करणाऱ्याचे काम आहे. हॅचचा ओरिजिन सरकवायला मिनिटही लागत नाही.

हॅच निवडून प्रॉपर्टीजमध्ये गेले की त्याचे क्षेत्रफळ मिळते, अनेक हॅच निवडले तर बेरीज. मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये ते चौरस मिलिमीटरमध्ये असते, म्हणून १० लाखांनी भागायचे. इंचांच्या ड्रॉइंगमध्ये १४४ ने भागले की चौरस फूट. वरची खोली ११.१५ चौरस मीटर, १२० चौरस फूट, म्हणजे सव्वा ब्रासपेक्षा किंचित कमी. गिलावा, रंग, वॉटरप्रूफिंग यांच्या अंदाजाला हे थेट चालते. एकाच कमांडमध्ये पाच खोल्यांत क्लिक केले तर पाचही मिळून एक हॅच होतो, मग खोलीगणिक क्षेत्रफळ मिळत नाही. क्रिएट सेपरेट हॅचेस चालू ठेवले की प्रत्येक खोलीचा हॅच वेगळा राहतो.

रेघांची दिशा आणि रंग

एएनएसआय-३१ च्या रेघा मुळातच ४५ अंशांत असतात. कोनाच्या रकान्यात ४५ भरले की त्या सरळ उभ्या होतात. ४५ हवे असेल तर शून्य लिहायचे, आणि उलट्या दिशेने हवे असेल तर ९०. शेजारी शेजारी लागणारे दोन वेगळे भाग दाखवताना ही उलटी दिशा कामी येते: एकाच्या रेघा उजवीकडे झुकलेल्या, दुसऱ्याच्या डावीकडे. तिसरा भाग आला तर अंतर बदलावे. एकाच भागाचे ड्रॉइंगमध्ये कितीही तुकडे दिसोत, त्या सगळ्यांत दिशा आणि अंतर सारखेच राहिले पाहिजे. यंत्रांच्या ड्रॉइंगमध्ये शाफ्ट, बोल्ट, नट, रिव्हेट, चावी आणि रिब यांच्या लांबीतून छेद गेला तरी त्यांना हॅच करत नाहीत. आयटीआय आणि डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांनी भारतीय मानक ब्युरोची एसपी ४६ ही पुस्तिका आणि इमारतींच्या ड्रॉइंगसाठी आयएस ९६२ जवळ ठेवावीत.

बांधकाम परवानगीच्या नकाशात रंगालाही अर्थ असतो. राष्ट्रीय इमारत संहितेत आणि तिच्यावर बेतलेल्या अनेक नियमावल्यांत प्रस्तावित काम लाल आणि पाडायचे काम पिवळ्या हॅचने दाखवायला सांगितले आहे. आपल्या महापालिकेच्या नियमावलीतला रंगांचा तक्ता काम सुरू करण्याआधी पाहा. साइटवर जाणाऱ्या वर्किंग ड्रॉइंगमध्ये मात्र रंगावर भिस्त ठेवू नका. झेरॉक्समध्ये लाल आणि पिवळा दोन्ही करडे होतात, तेव्हा पाडायची भिंत रेघांच्या प्रकारानेही वेगळी दिसली पाहिजे आणि कोपऱ्यात खुणांचा तक्ता असला पाहिजे.

छापताना

प्रत्येक प्रकारच्या हॅचला स्वतःचा लेयर द्यावा. एचपीलेयरमध्ये लेयरचे नाव टाकून ठेवले की हॅच आपोआप तिथेच जातो. हॅचची रेघ ०.०९ ते ०.१३ मिलिमीटर जाडीची, आणि छेदात आलेल्या भिंतीची बाह्यरेषा ०.३५ किंवा ०.५ ची ठेवा. दोन्ही सारख्या जाडीच्या असतील तर भिंत कुठे संपते ते कळत नाही. हॅच फिका करण्यासाठी प्लॉट स्टाइलमध्ये स्क्रीनिंग कमी करण्याची पद्धत आहे, पण स्क्रीनिंग कमी केले की रेघ बारीक ठिपक्यांनी छापली जाते आणि झेरॉक्समध्ये तुटते. साइटच्या ड्रॉइंगसाठी गडद पण बारीक रेघ हाच टिकाऊ उपाय.

भिंतीवरची मापे किंवा खोलीचे नाव हॅचखाली दबले असेल तर हॅचटूबॅक कमांड सगळे हॅच एकदम मागे पाठवते. अक्षरांवरून रेघा जात असतील तर आयलंड डिटेक्शन इग्नोरवर आहे का ते बघा. नॉर्मल किंवा आउटर ठेवले की अक्षरांभोवती जागा मोकळी राहते. नॉर्मलमध्ये हॅच एक आड एक भरतो, बाहेरची जागा भरतो, आतली सोडतो, तिच्याही आतली पुन्हा भरतो. आउटर फक्त बाहेरची भरतो. बागेत हौद आणि हौदात कारंजे असेल तर हा फरक लगेच जाणवतो.

पारदर्शक सॉलिड फिल स्क्रीनवर छान दिसतो, पण प्लॉटच्या खिडकीत प्लॉट ट्रान्स्परन्सीवर खूण नसेल तर तो छापताना पूर्ण अपारदर्शक होतो आणि खालचे सगळे झाकतो. ती खूण मुळात नसते, दर वेळी पाहावी लागते. आणि सगळेच हॅच एकदम गायब झाले असतील तर घाबरू नका: फिलमोड कोणीतरी शून्य केलेला असतो. त्यात १ भरा, रीजेन द्या.

हॅच एक्स्प्लोड करू नका. एका हॅचच्या हजारो सुट्या रेघा होतात, फाइल जड होते, क्षेत्रफळ जाते आणि भिंत हलवली की त्या रेघा जागच्या जागी राहतात. हॅचचा थोडा भाग काढायचा असेल तर ट्रिम हॅचवरही चालते.

स्वतःचा पॅटर्न

तयार पॅटर्न पुरे पडत नसतील तर स्वतःचा लिहिता येतो, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. नोटपॅडमध्ये पहिल्या ओळीत तारकाचिन्ह, पॅटर्नचे नाव, स्वल्पविराम आणि वर्णन. पुढे प्रत्येक ओळ म्हणजे रेघांचा एक संच: कोन, सुरुवातीचा एक्स आणि वाय, मग पुढची रेघ तिच्या दिशेने किती सरकते आणि बाजूला किती अंतरावर पडते, आणि शेवटी रेघ तुटक असेल तर भरीव आणि रिकाम्या लांब्या, रिकामी लांबी उणे चिन्हाने. आपल्याकडच्या २३० बाय ७५ च्या विटेला १० मिलिमीटरचा सांधा धरून एलिव्हेशनमधले थर असे लिहिता येतात:

०, ०,०, ०,८५
९०, ०,०, ०,२४०, ८५,-८५
९०, १२०,०, ०,२४०, -८५,८५

पहिली ओळ आडवे सांधे काढते, दुसरी एका थराचे उभे सांधे, तिसरी वरच्या थराचे अर्ध्या विटेने सरकलेले. फाइलीत नाव, अंक आणि चिन्हे इंग्रजीतच हवीत. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबायला चुकू नका, नाहीतर पॅटर्न वाचलाच जात नाही. फाइलीचे नाव आणि पॅटर्नचे नाव एकच ठेवा, विस्तार पॅट, आणि फाइल ऑटोकॅडच्या सपोर्ट पाथमधल्या फोल्डरमध्ये टाका. मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये हा पॅटर्न स्केल १ वर वापरायचा.

ड्रॉइंग दुसऱ्याला पाठवले की त्याला तुमचा भरलेला हॅच दिसतो, कारण रेघांची माहिती ड्रॉइंगमध्येच साठवलेली असते. पण तोच पॅटर्न त्याला दुसऱ्या भिंतीवर नव्याने भरायचा असेल तर पॅट फाइल लागते. म्हणून कन्सल्टंटला किंवा कंत्राटदाराच्या ऑफिसला ड्रॉइंग पाठवताना तीही त्याच फोल्डरमध्ये जोडून पाठवावी.